न मोडलेल्या घड्या

२०१९ साली गौरी यायच्या आदल्या दिवशी मी तिजोरी उघडली. आमच्याकडं कपड्यांच्या लोखंडी कपाटाला तिजोरीच म्हणतात. मे महिन्यात लग्नसराई उरकल्यावर लावलेलं कुलूप मधल्या साडेतीन महिन्यांत एकदाही काढलं नव्हतं. दार ओढलं तसा ओल्या पोत्यासारखा कुबट वास अंगावर आला.

वरच्या खणात आईचं इरकल होतं. आई २०१३ साली गेली, तेव्हा भावानं ते माझ्या हातात दिलं. जपायचं म्हणून मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंडाला चिकटपट्टी मारून ठेवलेलं. सहा वर्षांत त्याची घडी मोडली नव्हती. पिशवी आतून घामेजली होती. काठावर बुरा चढला होता, पांढरा आणि मधे मधे हिरवट. मी हळूच उलगडायला घेतलं, आणि टोप-तेणीचा तो लाल रेशमी पदर घडीच्या रेषेवर फाटत गेला. ताणलं नव्हतं, ओढलं नव्हतं. जुनं रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर दाबून राहिलं की तिथंच चिरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याखाली माझा लग्नातला शालू. जर काळवंडलेली, निऱ्यांच्या बाजूला बुऱ्याचे टिपके. दुसऱ्या दिवशी गौरी, घरात पाहुणे, मी घाबरले. ओल्या फडक्यानं टिपके पुसले आणि वरून गरम इस्त्री फिरवली. बुरा दिसेनासा झाला, पण डाग कायमचे बसले. बुरा कधीही ओला करून पुसायचा नाही आणि त्यावर इस्त्री तर मुळीच फिरवायची नाही. कापड आधी वाऱ्यावर पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, मग घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशनं झाडायचं. सुती असेल तर नंतर धुवायचं. रेशीम असेल तर कोवळ्या उन्हापेक्षा जास्त ऊन दाखवायचं नाही. हे शहाणपण मला शालू गेल्यावर आलं. ज्यांच्या घरात अजून एखादा शालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी राधानगरीत राहते आणि आतल्या एका वाडीवर शाळेत शिकवते. शाहू महाराजांनी आपल्या लेकीच्या, राधाबाई अक्कासाहेबांच्या नावावरून वसवलेलं हे गाव. भोगावतीवर त्यांनी धरण बांधायला घेतलं, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे जुलै-ऑगस्टमध्ये उघडले की सगळ्या जिल्ह्याला बातमी कळते. आम्हाला पाऊस बातमीतून कळावा लागत नाही. पुढं दाजीपूरकडं, फोंडा घाटाकडं जावं तसा तो वाढत जातो. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, भिंती पाझरतात, लोखंडालाही घाम येतो. हवेत ६५ टक्क्यांच्या वर दमटपणा टिकून राहिला की बुरशी धरायला लागते, असं जुन्या वस्त्रांची निगा राखणारे सांगतात. आमच्याकडं पावसाळाभर तेवढा दमटपणा असतोच असतो. त्यात २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेला महापूर, कोल्हापूरची वाट बंद, वीज येऊन-जाऊन. कपड्यांकडं बघायचं भानही नव्हतं.

गौरी-गणपती झाल्यावर मी एका रविवारी सगळी तिजोरी सोप्यात रिकामी केली. मोजल्या तर ७१ साड्या निघाल्या. त्यातल्या वर्षभरात नेसलेल्या १४. घडीच न मोडलेल्या २६. पंजाबी ड्रेस वेगळेच. आणि तरीही रोज सकाळी सव्वानऊच्या गाडीला निघताना मी त्या तिजोरीपुढं उभी राहून म्हणायची, घालायला काही नाही.

एवढ्या आल्या कुठून? थोड्या कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या दिवाळीतल्या खरेदीच्या. बऱ्याच साडीच्या भिशीतल्या. दरमहा पैसे भरायचे, नंबर लागला की साडी घ्यायची, मग गरज असो नसो. बाकीच्या सगळ्या आहेराच्या. लग्न, बारसं, वास्तुशांती, ओटीभरण, प्रत्येकाची एकेक. ती नेसायची म्हणून कोणी देत नाही आणि नेसायची म्हणून कोणी घेत नाही. आपण ती पुढच्या कार्यात दुसरीला देतो. मी दिलेली एक साडी तीन वर्षांनी माझ्याकडंच परत आली होती, फॉलच्या चिठ्ठीसकट. तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, उंबऱ्यावर बसून हा पसारा बघत होत्या. त्यांच्या सगळ्या साड्या एका लोखंडी ट्रंकेत मावतात. म्हणाल्या, "कापडाला माणसाचं अंग लागाय पायजे बाई. न्हाईतर ते बी आंबतंय." आणि उठून त्या फाटलेल्या इरकलाच्या पदरावरून हात फिरवत राहिल्या. माझ्या आईची आणि त्यांची चांगली मैत्री होती.

त्या दिवसापासून मी कपड्यांचा हिशेब उलटा मांडला. काय आवडतं इथून सुरुवात न करता कपडा वाळायला किती दिवस लागतात इथून केली. जुलैत आमच्या सोप्यातल्या वलणीवर जाड सुती साडी वाळायला तीन दिवस घेते, तरी काठ दमट लागतोच. पातळ सिंथेटिक रात्रीत वाळते. शाळा आठवड्यातले सहा दिवस. एक अंगावर, तीन वलणीवर, एक घडी घालून तयार, म्हणजे तीन दिवसांचा हिशेब धरला तरी पावसाळ्यात पाच पुरतात. त्या पाचही पातळ, लवकर वाळणाऱ्या. सुती कापड चांगलं, हे मीही मानते, पण राधानगरीच्या जुलैत सुतीचा हट्ट धरला की ओलसर कपडा अंगावर चढवावा लागतो आणि जांघेत, काखेत नायटा उठतो. हा अनुभव मी घेतलेला आहे. जीन्सची तर गोष्टच सोडा, तिचा कमरपट्टा पाच-पाच दिवस वाळत नाही. सुती साड्या फेब्रुवारी ते मे काढायच्या, तेव्हा त्यांच्यासारखं सुख नाही. तुम्ही पठारावर, कागल-शिरोळकडं राहत असाल तर तुमचा आकडा वेगळा येईल. आपल्या घरात कपडा किती वेळात वाळतो, हे आठवडाभर बघा आणि त्यावरून ठरवा.

दुसरा हिशेब चिखलाचा. आमची माती जांभ्याची, लाल. एसटीतून उतरून वाडीपर्यंत चालत गेलं की पोटऱ्यांपर्यंत तांबडे शिंतोडे उडतात आणि ते साबणानं पुरते जात नाहीत. पांढऱ्या, आकाशी सलवारी मी किती वाया घालवल्या त्याचा हिशेब नाही. आता खालचा कपडा तपकिरी, वांगी नाहीतर काळा, एवढे तीनच रंग. वरचा काहीही चालतो. तीन सलवारी आणि सहा कुर्ते, कशावरही काहीही जातं. सकाळचा विचार करायचा वेळ वाचला. साड्यांचंही तसंच केलं. प्रत्येकीला तिच्याच रंगाचा ब्लाउज शिवायचा बंद केला. एक हिरव्या खणाचा, एक काळा, एक मरून, एक मोतिया, एवढे चार ब्लाउज माझ्या जवळजवळ सगळ्या साड्यांवर चालतात. उलट आधी माझ्याकडं ब्लाउजच बसत नाही म्हणून पडून राहिलेल्या साड्या कितीतरी होत्या.

इथं शिंप्याकडं एक गोष्ट आवर्जून सांगा, आत माया ठेवायला. ब्लाउजच्या दोन्ही बगलांत दीड-दीड इंच माया असली तर बाळंतपण, आजारपण, वय, काहीही झालं तरी उसवून वाढवता येतो. कापड वाचवायला म्हणून माया कापून टाकणारा शिंपी स्वस्त पडत नाही. आणि सुती कापड शिवायला टाकायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून द्या. जे काही आटायचं ते आधीच आटतं.

कापड ओळखायला मी उशिरा शिकले, खरं तर आमच्या जिल्ह्यात राहून हे लहानपणीच यायला हवं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी सूत आणि कापडाची गिरणी १९०६ साली काढली. म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली, आपल्या आसपास कापड विणलं जातंय, आणि मी मात्र दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला की मान डोलवायची. आता कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या पेठेत गेले की कडेचा एक धागा मागून घेते आणि बाहेर येऊन काडीनं पेटवते. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर असेल तर वितळून त्याचा टणक काळा मणी होतो. दोन्हींची भेसळ असेल तर राखेत खडा लागतो. भेसळीचं कापड वाईट नसतं, पावसाळ्यात मी तेच घेते. पण दर सुताचा आणि धागा पॉलिस्टरचा असं नको. गडद रंग घेताना ओला पांढरा रुमाल कापडावर घासून बघते. रुमाल रंगला की ते कापड तिथंच ठेवते.

आता त्या ७१ साड्यांचं काय केलं ते सांगते, कारण नवीन घेणं सोपं असतं, जुनं मोकळं करणं अवघड. जुन्या मऊ सुती नऊ बाजूला काढल्या आणि गल्लीतल्या एका मावशींकडून दोन वाकळा शिवून घेतल्या. रात्री पाऊस कौलांवर वाजत असतो तेव्हा त्या पांघरायला मिळतात, त्याच्यासारखी ऊब दुकानातल्या रगाला नाही. काठाच्या चार साड्या कापून पुतणीला परकर-पोलकी आणि मला दोन कुर्ते झाले. चांगल्या, पण मला न शोभणाऱ्या साड्या मी मैत्रिणींना बोलावून दिल्या, ज्या त्यांना खरंच आवडल्या त्याच. सात-आठ इतक्या विरल्या होत्या की भांडीवालीनंही घेतल्या नाहीत, त्यांची फडकी केली. शालूचा न डागाळलेला भाग कापून त्याचं एक जाकीट केलं, ते लग्नात साध्या रेशमी साडीवर घालते. आज माझ्याकडं २२ साड्या आहेत. थंडीसाठी दोन स्वेटर आणि पट्टणकोडोलीचं एक घोंगडं. कोल्हापुरी चप्पल एकच, ती जून लागायच्या आधी तेलाचा हात देऊन वर ठेवते आणि पावसाळाभर रबरी चप्पल घालते.

ठेवणीच्या कपड्यांना प्लास्टिक नको, हे पुन्हा सांगते. जुन्या धोतराचं धुतलेलं मऊ फडकं घ्या, त्यात गुंडाळा. खळ दिलेली साडी तशीच ठेवू नका. खळीवर बुरा आणि कसर दोन्ही येतात. ती धुऊन, बिनखळीची ठेवायची. डांबरगोळ्या फडक्याच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवायच्या, जरीला लागू द्यायच्या नाहीत. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या नकोतच, काही बाळांच्या रक्ताला त्यानं गंभीर त्रास होतो. त्यापेक्षा वेखंडाची पुरचुंडी बरी. तिजोरी भिंतीपासून वीतभर पुढं ओढून घ्या. आणि पावसात जेव्हा केव्हा दोन तास उघडीप मिळेल तेव्हा बाकीचं काम टाकून दोन्ही दारं सताड उघडी करा. श्रावणातलं पहिलं खरं ऊन पडतं त्या दिवशी मी रजासुद्धा काढलेली आहे. त्या दिवशी प्रत्येक रेशमी कपडा उलगडायचा, सावलीत वाऱ्यावर धरायचा आणि घडी बदलून ठेवायची. आधी चौपदरी असेल तर आता तीनपदरी. तेवढं केलं असतं तर आईचं इरकल आज अखंड असतं.

ते मी टाकलेलं नाही. पदराचा न फाटलेला तुकडा एका सुती ओढणीला जोडून घेतलाय आणि ती ओढणी मी वापरते. शाळेत, बाजारात, दवाखान्यात. पहिल्यांदा घातली त्या दिवशी खडूची धूळ बसली तेव्हा जीव वर-खाली झाला. आता ती चार वेळा धुऊन झाली आहे, लाल रंग जरा उतरलाय.

आहेराचं मात्र भांडून ठरवावं लागलं. भाच्याच्या लग्नात मी सांगून ठेवलं की मला साडी नको आणि मीही देणार नाही. पाकीट देईन नाहीतर नवरीला हवं ते विचारून घेईन. वहिनी चार दिवस बोलली नाही. मानपानाचा प्रश्न आहे, हे मलाही कळतं. म्हणून जिथं देणं टळत नाही तिथं मी आता एकच करते, फॉल-पिको करून, अंगाला बसेल असा ब्लाउज शिवून देते, म्हणजे ती साडी दुसऱ्या दिवशी नेसता येते. पुढं फिरवायला अशी साडी जमत नाही.

या दिवाळीत आत्तींसाठी एकच घेतली, इचलकरंजीची, मोरपंखी, लाल काठाची. पाडव्याला त्यांना दिली. आमच्याकडं नव्या साडीची घडी मोडायला थोरल्यांना द्यायची पद्धत आहे. त्या म्हणाल्या, "घडी तूच मोड की." मी म्हटलं, ही तुमचीच आहे. सकाळी पूजेला त्यांनी ती नेसली. संध्याकाळी मी अंगणात होते, तर त्या किटली घेऊन डेअरीला दूध घालायला निघालेल्या, अंगावर तीच साडी, पदर खोचलेला आणि काठाला शेणाचा एक हात लागलेला.