मेथाडोन आणि हृदयाचे ठोके

प्रश्न : धाकटा भाऊ ब्राउन शुगर सुटावी म्हणून रोज मेथाडोन घेतो. परवा उभ्या उभ्या चक्कर येऊन पडला. या औषधाने हृदय बंद पडतं म्हणतात. थांबवू का?

उत्तर : परस्पर मुळीच थांबवू नका. औषध तुटलं की पाय पुन्हा जुन्या वाटेला लागतात, आणि सवय मोडलेल्या शरीराला पूर्वीचीच मात्रा जीवघेणी ठरते. माझ्या मते हा धोका हृदयाच्या धोक्यापेक्षा मोठा आहे.

पण भीती अगदीच अनाठायी नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही याबद्दल इशारा दिला होता. हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट मेथाडोन अडवतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय सावरायला जास्त वेळ घेतं. ईसीजीत ‘क्यूटीसी’ हा आकडा लांबतो. तो ५०० मिलिसेकंदांपुढे गेला, तर ठोके एकाएकी बेताल होऊन शुद्ध हरपू शकते. म्हणून ईसीजी आजच काढा. सोबत पोटॅशियम, मॅग्नेशियमही तपासा.

मेथाडोन बहुधा एकटं दगा देत नाही. नायट्यासाठी फ्लुकोनाझोल, उलटीसाठी ऑन्डेनसेट्रॉन, एखादं अँटिबायोटिक चालू होतं का? जुलाब झाले होते का? गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. केमिस्टलाही मेथाडोनचं सांगायला लाजू नका.

आकडा वाढलेलाच निघाला, तर मात्रा कमी करता येते किंवा ब्युप्रेनॉर्फिन देता येतं. त्याचा ठोक्यांवर परिणाम बराच कमी. मात्र हा बदल मेथाडोन देणाऱ्या केंद्रातल्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा.