सदिच्छादूत आणि खेळाडू

‘सदिच्छादूत’ हा शब्द आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. परंतु हा दूत नेमके करतो काय, याचा विचार सहसा होत नाही. १९५४ साली युनिसेफने डॅनी के या अमेरिकन नटाला असा पहिला दूत नेमले. पुढे नटांच्या जोडीला खेळाडू आले. या पदाला वेतन नाही, अधिकार नाही. लोकांचे आपल्याकडे असलेले लक्ष, एवढेच दूताचे भांडवल.

मला यात सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते केनियाच्या पॉल टर्गटचे. बारिंगो या दुष्काळी मुलखात तो वाढला. तो आठ वर्षांचा असताना जागतिक अन्न कार्यक्रमाने त्याच्या शाळेत जेवण सुरू केले. २००३ मध्ये बर्लिन येथे २ तास ४ मिनिटे ५५ सेकंदांत मॅरेथॉन धावून त्याने विश्वविक्रम केला, आणि २००४ मध्ये तो त्याच संस्थेचा दूत झाला. शाळेतल्या खिचडीला नाके मुरडणाऱ्या आपल्याकडील शहाण्यांनी हे जरूर वाचावे!

सचिन तेंडुलकर यांना युनिसेफने नोव्हेंबर २०१३ मध्ये दक्षिण आशियासाठी दूत नेमले. काम स्वच्छतेच्या प्रचाराचे. हात धुवा, शौचालय वापरा, हे सांगण्याचे. राज्यसभेचे सदस्य असताना २०१७ मध्ये त्यांनी आपल्या मराठवाड्यातील, परांडा तालुक्यातले डोंजा गाव दत्तक घेतले व शाळेची इमारत, पाणीपुरवठा, रस्ते यांसाठी खासदार निधी दिला. पण येथे हातात निधी होता. दूताच्या हातात तो नसतो. हा भेद विसरता कामा नये.

आता परभणीकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) आपल्या जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाले होते. अकरावीला माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण बारावीला आलीच नाही, तेव्हा हा आकडा मला कागदावरचा वाटत नाही. मुलीचे लग्न ठरवून बसलेल्या बापापुढे मुंबईच्या नामवंताचे भित्तिपत्रक किती टिकेल? टर्गटच्या शब्दाला वजन आले, कारण ते अन्न त्याने स्वतः खाल्ले होते. त्या न्यायाने मला परभणीची ज्योती गवते आठवते. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत पहिली आली. पहाटे मैदानावर धावायला येणाऱ्या दोन शाळकरी मुलींना मी विचारले, तुम्हांला कोणासारखे व्हायचे आहे? दोघींनीही तिचेच नाव घेतले, आणि पुढच्या फेरीला निघून गेल्या.