नळी फेकायची की धुऊन पुन्हा वापरायची?



'एकदा वापरून फेकू नका,' असं आपण परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना शिकवतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं होतं. तिने विचारलं, "सर, माझ्या घशात घातलेली नळी फेकली असेल की धुतली असेल?" मला उत्तर देता आलं नाही. मग वाचलं, ते इथे मांडतोय.

भूल दिल्यावर जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होऊ शकते. म्हणून भूलतज्ज्ञ घशात साधन बसवतात. त्यातलं एक म्हणजे लॅरिंजियल मास्क. नळीच्या टोकाला हवेने फुगणारी छोटी गादी असते, ती स्वरयंत्राच्या तोंडावर बसते. ब्रिटिश भूलतज्ज्ञ डॉ. आर्ची ब्रेन यांनी १९८१ च्या सुमारास हे साधन तयार केलं.

याचे दोन प्रकार. सिलिकॉनचा मास्क धुऊन, ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करून साधारण ४० वेळा वापरतात. दुसरा बहुधा पीव्हीसी प्लास्टिकचा, एकदाच वापरायचा.

मग एकदाच वापरलेला बरा, नाही का? थांबा. वाफेने जिवाणू-विषाणू मरतात, पण प्रायॉन नावाची रोगकारक प्रथिनं नेहमीच्या वाफेला पुरून उरतात. या भीतीने ब्रिटनमध्ये २००१ साली टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी एकदाच वापरायची हत्यारं आणली. पण रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या आणि त्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणजे नवं कोरं ते सुरक्षितच, असं नसतं.

आता कचऱ्याचा हिशोब. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० वापरांची तुलना केली. फेकायच्या ४० मास्कमुळे ११.३ किलो, तर एकच मास्क ४० वेळा वापरून ७.४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं. सुमारे एक तृतीयांश बचत! पण शून्य नाही, बरं का. धुण्याला आणि वाफेलाही इंधन लागतंच. शिवाय मास्क थोड्याच वापरांत टाकला, तर ही बचत कमी होते.

वर्गात स्टीलची आणि प्लास्टिकची बाटली ठेवून हाच हिशोब मुलांकडून करून घ्या. पाणी, साबण, किती दिवस टिकते, सगळं लिहू द्या.

त्या मुलीला मी सांगितलं, "धुतलेली असली तरी घाबरू नकोस. नीट धुणं आणि वापर मोजणं महत्त्वाचं." पालकहो, ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना हे जरूर विचारा. विचारण्यात संकोच कसला?