‘फॉर’ची पुनरावृत्ती आणि ‘यील्ड’ हा शब्द

आपल्या घरोघरची मुले आज संगणकाचा अभ्यास करीत आहेत. त्यांना ‘फॉर’ हा लहानसा शब्द पुष्कळदा अडवितो. नेहमीच्या भाषांत ‘फॉर’ म्हणजे फेऱ्या मोजणे व फेरीगणिक एखादी किंमत बदलीत जाणे. फंक्शनल पद्धतीत मात्र असलेली किंमत बदलावयाची नसते. तिच्यावरून नवी तयार करावयाची असते. ‘स्काला’ या भाषेत हा भेद स्पष्ट दिसतो. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मार्टिन ओडर्स्की यांनी २००१ साली तिची आखणी आरंभिली व २००४ साली ती लोकांपुढे आली.

समजा, तीन विद्यार्थ्यांच्या शुल्काची यादी ४००, ६००, ९०० अशी आहे व प्रत्येकास निम्मे शुल्क मदत म्हणून द्यावयाचे आहे. मग असे लिहावे. (मूळ लेखन रोमन लिपीत असते, येथे सोयीसाठी नागरी योजिली आहे.)

फॉर (शुल्क <- यादी) यील्ड शुल्क / २

बाणाचा अर्थ ‘यादीतून एकेक घ्या’ आणि ‘यील्ड’चा अर्थ ‘आलेली उत्तरे गोळा करून द्या’. उत्तर म्हणून २००, ३००, ४५० ही नवी यादी मिळते. मूळ यादी जशीच्या तशी राहते.

आता ‘यील्ड’ गाळून पाहा. भागाकार होतील, परंतु उत्तरे टाकून दिली जातील. मदतीची यादी हाती येणारच नाही! याचे कारण असे की, स्कालातील ‘फॉर’ ही लिहिण्याची सोय आहे. ‘यील्ड’ असल्यास त्याचे रूपांतर ‘मॅप’ या क्रियेत होते, नसल्यास ‘फॉरईच’मध्ये. पहिली नवी यादी देते, दुसरी नुसते काम उरकते. आकडे केवळ छापावयाचे असतील, तर दुसरीच योग्य होय.

पाचशेहून अधिक शुल्कापुरताच विचार करावयाचा असल्यास कंसात बाणाच्या भागापुढे ‘इफ शुल्क > ५००’ हे शब्द घालावेत. मग ३०० व ४५० एवढेच उरतात.

आकड्यांची ओळ घेताना ‘१ टू ५’ यात ५ धरला जातो. ‘१ अनटिल ५’ यात ४ वरच थांबावयाचे असते.

तेव्हा ‘फॉर’ लिहिण्यापूर्वी मुलांनी एवढेच ठरवावे : मला नवी यादी हवी आहे, की नुसते काम? ‘यील्ड’ लिहावा की नाही, हे त्यावरूनच कळेल.