अंतर हेही एक दुखणेच

‘आफ्रिकेत आजही इतक्या बाळंतिणी का दगावतात? तिथे औषधे मिळत नाहीत का?’ असे एका शिक्षक वाचकांनी पत्रातून विचारले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपण व बाळंतपणाशी संबंधित कारणांनी मरण पावल्या. त्यांतल्या सुमारे ७० टक्के सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या होत्या. यांपैकी बहुतेक मृत्यू टाळता येतात. पण उपचार आणि रुग्ण यांची वेळेत गाठ पडत नाही.

बाळंतपणानंतरचा रक्तस्रावच घ्या. वार पडल्यावर गर्भाशय नीट आकसले नाही, तर रक्त वाहतच राहते. उपचार झाले नाहीत तर दोन-तीन तासांतही बाळंतीण दगावू शकते. अशा वेळी दवाखाना पाच तासांवर असेल, तर तो असून नसल्यासारखाच.

थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ साली या उशिराचे तीन प्रकार सांगितले. इथिओपियातील डोंगराळ खेड्यांच्या उदाहरणाने ते समजून घेऊ.

पहिला उशीर निर्णयाचा. ‘एवढे रक्त जातेच’ म्हणून घरची माणसे थांबतात. नवऱ्याची संमती आणि खर्चाची सोय यांतही वेळ जातो.

दुसरा उशीर वाटेचा. अनेक वस्त्यांपर्यंत गाडी जात नाही. जून ते सप्टेंबर पावसात ओढे भरतात, वाटा निसरड्या होतात. मग लाकडी दांड्यांची डोली करून गावकरी रुग्णाला आळीपाळीने खांद्यावरून नेतात.

तिसरा उशीर दवाखान्यातला. पोहोचल्यावरही रक्त, वीज किंवा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर असेलच असे नाही. गर्भाशय आकसण्याचे ऑक्सिटोसिन इंजेक्शन थंड ठेवावे लागते. फ्रिज नसेल तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा आधार घेतात.

यावर इथिओपियाने शोधलेला मार्ग शिकण्यासारखा आहे. २००३ पासून त्या सरकारने खेड्यातल्याच दहावी झालेल्या मुलींना वर्षभर शिकवून पगारी आरोग्यसेविका नेमले. अशा तीस हजारांहून अधिक सेविका तयार झाल्या. दूरच्या गरोदर स्त्रियांनी दिवस भरत आले की येऊन राहावे, म्हणून आरोग्य केंद्रांजवळ निवासाची सोय झाली. आपल्या आदिवासी भागातील ‘माहेरघर’ योजनाही याच विचाराची. तेथील राष्ट्रीय पाहणीनुसार २००० साली एक लाख जिवंत जन्मांमागे ८७१ माता दगावत. २०१६ च्या पाहणीत हा आकडा ४१२ झाला. त्या देशाच्या टिग्रे प्रांतात मात्र २०२० ते २०२२ च्या युद्धात अनेक आरोग्य केंद्रे लुटली गेली. वर्षानुवर्षे उभे केलेले काम असे महिन्यांत मोडते. शेजारच्या भागातील रवांडा देशात २०१६ पासून चालकाविना उडणाऱ्या ड्रोन विमानांनी दूरच्या रुग्णालयांना रक्त पोहोचवले जाऊ लागले.

वाटेचा आणि दवाखान्यातला उशीर सरकारने कमी करायचा. पहिला उशीर मात्र घरातच कमी होतो, तिथेही आणि आपल्याकडेही. म्हणून लक्षात ठेवा :

• बाळंतपणानंतर तासाभराच्या आत कापडाची घडी किंवा पॅड पूर्ण भिजणे, चक्कर येणे, हातपाय गार पडणे.
• गरोदरपणी अंगावरून रक्त जाणे, झटके येणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी.

यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा. आठवा महिना लागताच दवाखाना, वाहन आणि सोबतीचे माणूस ठरवून ठेवा. पैसे बाजूला काढा, रक्तगट लिहून ठेवा. आणि घरात कोणी मोठे नसले तरी सुनेला दवाखान्यात न्यायला कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही, हे आजच ठरवा.