पसारा न करणारी खेळणी : तंजावरच्या बाहुलीपासून ‘नवचेतना’पर्यंत

शून्य ते तीन वर्षे हा वयोगट भारतीय धोरणात दीर्घकाळ आहाराचा आणि लसीकरणाचा विषय राहिला, खेळाचा नव्हे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांपैकी अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण ही सेवा तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी होती. त्याहून लहान बालकाच्या वाट्याला पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा आली. तामिळनाडूत १९८० मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या एकात्मिक पोषण प्रकल्पाने ६ ते ३६ महिन्यांच्या मुलांवर लक्ष केंद्रित केले खरे, परंतु तेथेही मुख्य मोजमाप वजनाचे होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ बदलला आणि सर्व बालकांना वयाची सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत प्रारंभिक बाल्यावस्थेतील संगोपन व शिक्षण मिळावे यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे, असे निदेशक तत्त्व घातले. या तरतुदीत खालची वयोमर्यादा नाही, ही बाब परीक्षार्थींनी ध्यानात घ्यावी. म्हणजे सहा महिन्यांचे मूलही तिच्या कक्षेत येते.

मग या वयाचे शिक्षण म्हणजे काय? जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने जन्मापासून सुमारे दोन वर्षांपर्यंतच्या काळाला संवेदन-कारक अवस्था म्हटले. या काळात मूल पाहून, चाखून, हाताळून, हलवून आणि ऐकूनच जग समजून घेते. त्याला पाटी-पुस्तक नको असते. खरखरीत, गुळगुळीत, जड, हलके, वाजणारे, लपणारे असे काही हवे असते. यालाच ज्ञानेंद्रियांचे खेळ म्हणतात. तत्त्वतः हे सर्वांना पटते. प्रत्यक्षात मात्र पीठ, पाणी, रंग, धान्य यांचा खेळ मुलापुढे मांडला की अर्ध्या घटकेत घरभर पसारा होतो आणि तो आवरण्याचे काम आईवर किंवा आजीवर पडते. एका खोलीचे घर, मोजके पाणी, सकाळी शेतावर जायची घाई, शिवाय अन्न सांडू न देण्याचा संस्कार. अशा घरात असा खेळ एकदा होतो, दुसऱ्यांदा होत नाही. पसारा न होणे ही येथे चैनीची सोय नसून खेळ रोज घडण्याची अट आहे.

तंजावरचे उदाहरण

या अटीची पूर्तता करणारे एक जुने खेळणे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याची सत्ता असलेले तंजावर मराठी वाचकाला परके नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाला ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात (१७९८ ते १८३२) तेथे देवनागरी छापखाना निघाला आणि इसापाच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर १८०६ च्या सुमारास छापले गेले. मुलांसाठी छापलेल्या मराठी मजकुराचा आरंभ असा महाराष्ट्राबाहेर झाला. तंजावरच्या बाहुल्यांची परंपराही सरफोजींच्या काळाशी जोडली जाते.

या बाहुल्या दोन प्रकारच्या असतात. पहिली ‘तलैयाट्टी बोम्मै’, म्हणजे मान डोलावणारी बाहुली. तिचे डोके, धड आणि घागरा हे सुटे भाग एकमेकांवर टेकवून तोललेले असतात. बोटाचा हलका स्पर्श झाला की ते वेगवेगळ्या लयीत डुलतात. दुसरी, राजा-राणीच्या जोडीच्या रूपात मिळणारी, कितीही आडवी केली तरी उभी राहणारी बाहुली. तिचा तळ अर्धगोल आणि मातीने जड केलेला असतो, तर वरचा भाग कागदाच्या लगद्याचा व पोकळ असतो. त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य तळाच्या वक्रतेच्या केंद्राखाली राहतो. बाहुली कलली की गुरुत्वमध्य वर उचलला जातो आणि तो पुन्हा खाली येताना बाहुलीला उभी करतो. पदार्थविज्ञानात यालाच स्थिर संतुलन म्हणतात. तंजावरच्या बाहुलीला २००८-०९ या वर्षात भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला.

बालविकासाच्या दृष्टीने या बाहुलीचे मर्म वेगळेच आहे. पालथे पडून मान उचलणाऱ्या चार-पाच महिन्यांच्या मुलापुढे चेंडू ठेवला तर एका फटक्यात तो दूर जातो. मूल रडते, मोठ्यांना उठावे लागते. ढकललेली बाहुली जागच्या जागी परत येते. मुलाच्या कृतीला तत्काळ उत्तर मिळते, तेच उत्तर पुन्हा मिळते, आणि कोणालाही काही उचलावे लागत नाही. कार्य आणि कारण यांचा पहिला धडा याहून स्वच्छ क्वचितच देता येईल.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तंजावरची रंगवलेली बाहुली नवरात्रातील कोलूच्या पायऱ्यांवर किंवा फडताळात शोभते. तान्ह्या मुलाच्या तोंडात ती जाता कामा नये. या वयात वस्तू पारखण्याचे पहिले साधन तोंड असते आणि कागदाचा लगदा, प्लॅस्टर व रंग ही चोखण्याची सामग्री नव्हे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले. जुन्या वस्तूंवरील रंग त्यापूर्वीचा असू शकतो. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक झाले, तेव्हा नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक निर्देशांकप्राप्त खेळण्यांना सूट देण्यात आली. कारागिराच्या उपजीविकेसाठी ती सूट योग्यच आहे. पालकाच्या दक्षतेला मात्र अशी सूट नाही. डुलणारी बाहुली मुलाने पाहावी. हाताळण्यासाठी तिचे तत्त्व घरच्या वस्तूंत उतरवावे.

तत्त्व घरात कसे उतरते

नारळाच्या करवंटीचा गोल तळ घासून गुळगुळीत करावा, आत निम्म्यापर्यंत ओली माती दाबून ती पूर्ण वाळू द्यावी, वर कापसाचा हलका गोळा ठेवून सर्व काही जुन्या पायमोज्यात घालून तोंड घट्ट शिवावे. वरचा भाग हलका राहिला तर ही ओबडधोबड बाहुली ढकलल्यावर उठून बसते. नारळ तंजावर भागात घरोघर असतो, कोकणातही असतो. विकत घ्यायचे काहीच नाही.

दुसरे साधन म्हणजे बंद बाटली. पाण्याची अर्ध्या लिटरची पारदर्शक बाटली कोरडी करून तिच्यात मूठभर तांदूळ, दुसरीत चिंचोके, तिसरीत रंगीत पाणी व थोडे तेल घालावे. झाकण चिकटद्रव्याने पक्के करून वर कापडी पट्टी गुंडाळावी. तांदळाचा सरसर आवाज आणि चिंचोक्यांचा खडखडाट यांतील फरक मूल कानाने टिपते. तेल-पाण्याची बाटली उलटी केली की थेंब सावकाश वर चढतात आणि नजर त्यांचा पाठलाग करते. रांगणाऱ्या मुलासाठी हीच बाटली आडवी ठेवली की ती थोडी पुढे घरंगळते आणि मूल तिच्या मागे जाते. धान्य सांडत नाही, वायाही जात नाही. तामिळ घरांतील ताडपत्राचा ‘किलुकिलुप्पै’ आणि मराठी घरांतील खुळखुळा यांचेच हे भावंड आहे.

स्पर्शासाठी कापड पुरेसे आहे. तंजावर जिल्ह्यातील तिरुभुवनम येथे रेशमी साड्या विणल्या जातात; अशा ठिकाणी रेशमाचा तुकडा सहज मिळतो. त्यासोबत सुती धोतर, गोणपाट, पंचा यांचे तळहाताएवढे तुकडे धुऊन, रंग जात नाही याची खात्री करून, एका जाड कापडावर शिवले की स्पर्शाची गोधडी तयार होते. पीठ कालवण्याचा आनंद द्यायचा असेल तर शिजवलेली खळ जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत भरून, पिशवीच्या चारही कडा फरशीला रुंद चिकटपट्टीने पूर्ण चिकटवाव्यात. मूल वरून दाबते, रेघा ओढते. हात कोरडे राहतात. खेळ संपताच पिशवी काढून ठेवावी. सुटी प्लॅस्टिक पिशवी मुलाच्या हाती कधीही देऊ नये, कारण ती नाकातोंडावर बसते.

दीड वर्षानंतरच्या मुलासाठी सर्वांत स्वस्त रंग म्हणजे पाणी. पहाटे उंबऱ्यापुढे तांदळाच्या पिठाचे कोलम काढणाऱ्या स्त्रीशेजारी मुलाला वाटीत दोन चमचे पाणी आणि कापडाची पुरचुंडी द्यावी. काळ्या फरशीवर किंवा पाटीवर ते रेघोट्या मारते, थोड्या वेळाने त्या वाळून नाहीशा होतात आणि जागा पुन्हा कोरी होते. बादली मात्र जवळ नसावी. थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकते.

आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास वाटीखाली चेंडू लपवण्याचा खेळ रंगतो. दिसेनाशी झालेली वस्तू अस्तित्वात असते, ही जाणीव याच वयात आकार घेते; मानसशास्त्रात तिला वस्तुस्थायित्व म्हणतात. पाळण्यावरचे चिमणाळे, पांगुळगाडा, साडीची झोळी ही सामग्री दोन्ही भाषिकांत आहेच. झोळीतील झोक्याने आंतरकर्णातील संतुलनाच्या जाणिवेलाही चालना मिळते.

सुरक्षिततेचा एक सोपा निकष परीक्षेतही उपयोगी आहे आणि घरातही. सुमारे ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत जी वस्तू पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालील मुलाला देऊ नये. म्हणूनच चिंचोके बाटलीच्या आत ठीक, बाहेर नाही. बाटलीचे झाकण रोज तपासावे. पाण्यात फुगणारे रंगीत मणी, फुगे आणि बटणासारख्या बॅटऱ्या या वयात पूर्ण वर्ज्य समजाव्यात.

पुरावा आणि धोरण

करवंटी आणि बाटल्यांनी खरोखर काही साधते काय, ही शंका रास्त आहे. तिचे सर्वांत परिचित उत्तर जमैकातून आले. किंग्स्टन येथे १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेल्या ९ ते २४ महिन्यांच्या १२९ बालकांचा अभ्यास सुरू केला. काहींना पूरक आहार, काहींना खेळातून उत्तेजन, काहींना दोन्ही, तर काहींना यांपैकी काहीच नाही अशी विभागणी होती. आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला सुमारे तासभर घरी जात, टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी आईच्या हाती देत, खेळून दाखवत आणि पुढच्या खेपेस ती बदलत. सुमारे वीस वर्षांनंतरच्या पाहणीत, उत्तेजन मिळालेल्यांची कमाई ते न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ आहाराचा बौद्धिक लाभ मात्र तितका टिकला नाही. यावरून आहार गौण ठरत नाही. उपाशी मूल खेळत नाही, हे अंगणवाडी सेविकेला कोणी सांगावे लागत नाही. आहारासोबत खेळ नसेल तर गुंतवणूक अर्धी राहते, एवढेच त्यातून दिसते. याच पद्धतीवर आधारित प्रयोग पुढे ओडिशातील कटक शहराच्या झोपडपट्ट्यांत ४२१ बालकांसह झाला. तेथे स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले होते आणि बालकांच्या बौद्धिक विकासात सुधारणा दिसून आली.

महाराष्ट्रात हा विचार आधीच रुजला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, शंख, पाने, माती यांतून शिक्षणसाहित्य घडवले. त्यांचे क्षेत्र प्रामुख्याने थोड्या मोठ्या मुलांचे होते; तीन वर्षांखालील मूल तेव्हाही आईच्या कडेवरच राहिले.

अलीकडच्या धोरणाने ही फट ओळखली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय प्रारंभिक बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणात जन्मापासूनचा काळ समाविष्ट झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांपूर्वी होतो असे नमूद केले. ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम २०२३ मध्ये सुरू झाला आणि २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षे वयोगटासाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आला. त्यात ३६ महिन्यांच्या दिनदर्शिकेत वयानुरूप १४० कृती दिल्या आहेत. तीन ते सहा वर्षांसाठीचा ‘आधारशिला’ अभ्यासक्रम याहून वेगळा आहे. प्रश्नपत्रिकेत या दोहोंची गल्लत होऊ शकते.

आता कसोटी अंमलबजावणीची आहे. अंगणवाडी सेविकेकडे आहार, नोंदी, वजन, गृहभेटी इतकी कामे आहेत की १४० कृतींची यादी तिच्यासाठी आणखी एक नोंदवही ठरू शकते. गृहभेटीत वजनकाट्यासोबत तिच्या पिशवीत दोन बंद बाटल्या आणि एक स्पर्शाची गोधडी असेल, त्या घरी ठेवून पुढच्या भेटीत बदलता येतील, तर वेगळ्या वेळेची गरज फारशी भासणार नाही. कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या लावणीच्या दिवसांत आई चिखलात उभी असते आणि मूल आजीजवळ असते. तेव्हा बाटली हलवून ‘ऐक’ म्हणण्याचे काम आजीलाही शिकवावे लागेल, आणि ते तिच्या भाषेत.