मुलाखतीत न आलेला प्रश्न

चाकणच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं क्वालिटीत काढली. लाइन बंद झाली आणि एका महिन्याचा पगार हातात देऊन आम्हाला घरी बसवलं. त्याच रात्री जॉब साइटवर रेझ्युमे टाकला. जन्मतारीख, घरचा पत्ता, पॅन नंबर, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. चौथ्या दिवशी फोन.

"सर, आपलं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालंय."

नाव एका मोठ्या वाहन कंपनीचं. फोनवरच दहा मिनिटांची मुलाखत झाली: आधीचा पगार किती, रात्रपाळी चालेल का, लगेच जॉइन व्हाल का. दुसऱ्या दिवशी शिक्का-सहीसकट ऑफर लेटर आलं आणि पाठोपाठ कागदपत्रांच्या पडताळणीचे २,१५० रुपये, पहिल्या पगारात परत मिळणारे. मग लॅपटॉपचं डिपॉझिट ८,५००. मग बाँडचे १२,०००. ते मी मेहुण्याकडून उसने घेतले.

लेटर बायकोला वाचायला दिलं. तिने शांतपणे विचारलं, "गेजबद्दल, ड्रॉइंगबद्दल एकही प्रश्न कसा नाही विचारला तुम्हाला?"

तेव्हा कुठे मी मेलचा पत्ता नीट पाहिला. कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि 'करिअर्स' असा शब्द जोडला होता. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा पत्ता निराळाच होता. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडणं हे माझं रोजचं काम, आणि ही रेघ मला दिसली नव्हती. गरज असली की माणूस खात्री करायला घाबरतो, हे तेव्हा कळलं. कंपनीत एक फोन केला असता तर आशा मोडली असती, म्हणून मी तो केलाच नाही.

लाजेपोटी आणखी दोन दिवस गप्प राहिलो. ते सगळ्यात महागात पडलं. अशा वेळी १९३० या नंबरवर त्याच तासाला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. समोरच्या खात्यात पैसा असेपर्यंत तो गोठवता येतो. माझा तोवर पुढच्या खात्यांत पांगला होता.

नोकरी देणारा तुमच्याकडे पैसे मागत नाही. रक्कम कितीही लहान असो, परत मिळणार असो, तिला कोणतंही नाव दिलेलं असो, पैसे मागितले की फोन ठेवा. कंपनीचं नाव अनोळखी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर तिची नोंदणी फुकट पाहता येते. रेझ्युमेत शहर, फोन आणि ईमेल एवढं पुरे. आधार आणि पॅन कामावर रुजू होताना द्यायच्या गोष्टी. शक्य असेल तर नोकरीसाठी ईमेल वेगळाच ठेवा.

मात्र जॉब साइट सोडून देऊ नका. मीही सोडल्या नाहीत, वापरायची पद्धत बदलली. एचआरवाले तिथे शब्द टाकून माणूस शोधतात. 'मेहनती, प्रामाणिक' असं कोणी शोधत नाही. मी सीएमएम, पीपॅप, आयएटीएफ ऑडिट असे केलेल्या कामाचे शब्द लिहिले, नोटीस पिरियड स्पष्ट लिहिला आणि प्रोफाइल दर आठवड्याला ताजं ठेवलं. नोकरीत असताना शोधत असाल तर सध्याच्या कंपनीला प्रोफाइल दिसू नये अशी सोय असेल ती वापरा. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' फक्त रिक्रूटर्सना दिसेल असं ठेवता येतं, तरी आपल्या कंपनीपासून ते लपेलच याची हमी लिंक्डइनसुद्धा देत नाही.

दिसेल तिथे अर्ज ठोकणं थांबवलं आणि पूर्वी ज्यांच्यासोबत काम केलं होतं त्यांना लिहायला लागलो. एका सप्लायरकडच्या माणसाला लिहिलं, "तुमच्या ब्रॅकेटचं रिजेक्शन आपण मिळून कमी केलं होतं, आठवतं? आता मी काम शोधतोय." त्याचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. तोवर तो रांजणगावच्या एका कारखान्यात गेला होता आणि तिथे जागा होती.

मी तिथे गेलो तेव्हा प्लांट हेडनी टेबलावरचा एक पार्ट माझ्या हातात दिला, ड्रॉइंग समोर सरकवलं आणि विचारलं, "यात आधी काय तपासाल?"